वॉल्टर पिम यांचे रिकामे फुगे

लेखनाचा मला काहीही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ते शोधून काढण्याचे श्रम वाचकाला पडणार नाहीत. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत संस्कृत शिकवले. त्या काळात मी लिहिलेले जे काही छापले गेले, ते प्रश्नपत्रिकांच्या रूपाने. आणि त्यांचे वाचक त्या वाचून रडत असत. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते गृहस्थ मराठी नाहीत, भारतीय नाहीत, माझ्या नात्याचे तर नाहीतच. ते इंग्रज आहेत, आयर्लंडमध्ये राहतात, आणि जन्मभर त्यांनी चित्रकथा काढल्या आहेत. म्हणजे ज्यांना आपण कॉमिक म्हणतो आणि ज्या मी वर्गात मुलींच्या बाकाखालून जप्त करत असे, त्या. तेव्हा विषयाचाही मला अधिकार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

वॉल्टर पिम यांचा एक विक्षिप्तपणा असा, की काहीही भयंकर घडले की ते घराबाहेर येतात, दोन्ही हात तोंडाशी धरतात आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "ग्रेट न्यूज, चम्स!" म्हणजे, "मंडळी, आनंदाची बातमी!"

हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे जे झाले ते झाले.

माझी मुलगी मुग्धा आयर्लंडमधल्या कासलबारच्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. जावई निखिल डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकमधल्या एका कंपनीचे काम करतो; त्या वर्षी ते काम आमच्या जेवणाच्या टेबलावर आले. मी २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे गेले, आणि मार्चमध्ये जग बंद झाले. मुग्धा सकाळी जाई ती संध्याकाळी चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन परत येई. निखिल दिवसभर पडद्यातल्या माणसांशी बोले. मी परसात जाऊन कपडे वाळत घाली, पाऊस आला की आत आणी, आणि पुन्हा वाळत घाली.

अशाच एका सकाळी सामाईक भिंतीपलीकडून ती घोषणा आली. पाहिले, तर शेजारचे उंच, वाकलेले, रंगाचे डाग पडलेला स्वेटर घातलेले म्हातारे गृहस्थ माझ्याकडेच बघत होते.

आनंदाची बातमी रिकाम्या हाताने ऐकायची नसते, हे माझ्या हाडीमासी खिळलेले. मी त्यांना हाताने "थांबा, थांबा" अशी खूण केली, आत धावले, आणि साजूक तुपातला, केशर घातलेला शिरा केला. वाटीवर झाकणी ठेवून, चमचा घेऊन परत आले. म्हातारे खरोखरच तिथे थांबलेले होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मी वाटी भिंतीवर ठेवली, मोजून मागे सरले आणि म्हणाले,

"हं, आता सांगा. काय बातमी?"

"माझा भाऊ गेला."

"कुठे?" मी हौसेने विचारले.

त्यांनी शिऱ्याचा चमचा आभाळाकडे केला.

मी वाटी परत घ्यायला पुढे झेपावले. पण मग अंतराचा नियम आठवला आणि हात पुढे, पाय मागे, अशी मधेच थिजले. तोंडून एकच शब्द निघाला, "अगंबाई!"

"तसंच!" म्हातारे ओरडले. "हलू नका! काय चेहरा आहे!" मग त्यांनी शांतपणे दुसरा घास घेतला. "आर्थरला पुडिंग फार आवडायचं. अंत्यविधीला मला बोल्टनला जाता येणार नाही, बोटी बंद. पण त्याच्या नावानं कुणीतरी गोड केलं, हे ग्रँड झालं. थोडं आणखी आहे का?"

घरात येऊन मी आंघोळ केली. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. निखिल पोट धरून हसत होता. "आई, तुम्ही मयताला शिरा नेलात! आणि माझा माईक चालू होता. अख्खं डब्लिन विचारतंय, काय झालं?"

या घोषणेचा अर्थ मला पुढच्या काही आठवड्यांत, भिंतीच्या अलीकडून पलीकडून, हप्त्याहप्त्याने कळला. पिम पंधराव्या वर्षी बोल्टन सोडून लंडनला एका मोठ्या छापखान्यात लागले. तिथून मुलामुलींची डझनभर चित्रसाप्ताहिके निघत. एखाद्याचा खप उतरला की मालक ते दुसऱ्या साप्ताहिकात विलीन करून टाकत, आणि ज्या आठवड्यात हे करायचे, त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापत, "मंडळी, आत आनंदाची बातमी!" मूल आनंदाने पान उलटवी, तो त्याचे लाडके साप्ताहिक मेलेले असे.

"साठ वर्षं झाली, पण ते दोन शब्द अजून मला ऐकवत नाहीत," पिम म्हणाले. "म्हणून मी ते आधीच ओरडून टाकतो. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत."

आणि अशा साप्ताहिकाच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टींचे काय करायचे? त्यासाठी पिम होते. मूळ चित्रकार तोवर रागाने निघून गेलेला असे. मग पिमना बोलावून सांगत, ही कथा दोन पानांत मिटव. त्या दोन पानांत सुटका बसणे कठीण, मरण बसते. तेव्हा पिम मूळ चित्रकाराच्या हुबेहूब हाताने मुलगी कड्यावरून ढकलत, वैमानिक पाडत, घोडा बुडवत. कचेरीत त्यांना सगळे 'अंडरटेकर', म्हणजे प्रेतांची व्यवस्था लावणारा, म्हणत. चित्रकारांची नावे तेव्हा छापतच नसत, त्यामुळे हे सगळे खून निनावी राहिले.

"मी बारा जणांसारखं काढू शकतो," ते म्हणाले, "फक्त माझ्यासारखं काढता येत नाही. कधी कुणी सांगितलंच नाही तसं काढायला."

मी सुन्न झाले. मुलींच्या साप्ताहिकात! मी ज्या वयाच्या मुलींना सुभाषिते पाठ करायला लावत होते, त्या वयाच्या मुलींसाठी हा मनुष्य शनिवारच्या शनिवारी प्रेते पाडत होता!

याच सुमारास मला दुसरा धक्का पलीकडच्या शेजारणीने, ब्रीडाबाईंनी दिला. त्या चर्चला फुले देत, सर्वांची खबर ठेवत. एकदा फाटकाशी मला म्हणाल्या, "युअर मॅन सकाळपासून शेडमध्ये आहे, जेवला की नाही देव जाणे."

युअर मॅन! तुमचा माणूस! मला वैधव्य येऊन बरीच वर्षे झाली आहेत. मी अंगावरची शाल सारखी केली आणि शक्य तितक्या शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "बाई, मला कुणी माणूस नाही."

"अहो, युअर मॅन! हिमसेल्फ! नेक्स्ट डोअर!"

एका वाटीभर शिऱ्यावरून गाव इतक्या लांब पोहोचले! संध्याकाळी मुग्धा आली, तिला मी दार लावून हे सांगितले. दिवसभराच्या थकव्यानंतर ती प्रथमच इतकी हसली.

"आई, इथे कुणालाही युअर मॅन म्हणतात गं. म्हणजे नुसतं 'तो अमका'. टीव्हीवर पंतप्रधान बोलले तरी म्हणतात, युअर मॅन काय म्हणाला?"

म्हणजे पंतप्रधानही माझ्याच गळ्यात. त्यानंतर पुष्कळ दिवस मी ब्रीडाबाईंशी बोलताना पदर डोक्यावरून घेत असे. त्यांना वाटे, थंडी वाजते.

पिमना मात्र माझ्या या धक्क्यांचे फार कौतुक. त्यांच्या मते संपूर्ण मेयो परगण्यात माझ्याइतका दचकलेला चेहरा दुसरा नव्हता. त्यांच्या कामाची रीत अशी, की प्रत्येक आकृती ते खऱ्या माणसावरून काढत. पूर्वी टपालवाला, दूधवाला, चर्चचे फादर, सर्वांना त्यांनी हिरवळीवर मरून पडायला लावले होते. आता टाळेबंदीत माणूस मिळेना. तेव्हा भिंतीवरून हाक येई, "मिसेस जोग, एक मिनिट! समजा, तुमच्यासमोर जहाज बुडतंय!"

"मला स्वयंपाक आहे."

"जहाज बुडतंय आणि तुमचा स्वयंपाक त्यात आहे!"

मी न राहवून तोंडावर हात नेई, तोवर त्यांची पेन्सिल धावू लागलेली असे. चित्रात माझी साडी जाऊन तिथे एप्रन येई. चेहरा माझाच राही. 'अगंबाई' हा शब्द त्यांनी उचलला होता. चहात माशी पडली तरी म्हणत, "अगम्बाय!" पुढे मी शिरा, खीर, लाडू देणे थांबवले नाही. कारण ते रोज काही ना काही आनंदाची बातमी आणत : बॉयलर फुटला, डोळ्यात मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मी ओळखून असे, आणि रव्याच्या डब्याकडे जाण्याआधी विचारत असे, "कोण?"

उन्हाळ्यात नियम थोडे सैल झाले, तेव्हा शेडच्या उघड्या दारात खुर्ची टाकून मी त्यांचे काम पाहू लागले. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. चित्रातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडापासून एक गोल निघालेला असे. त्यात शब्द असायचे, म्हणजे तो माणूस बोलतो असे समजायचे. त्या गोलाला पिम फुगा म्हणत. पण त्यांचे सगळे फुगे रिकामे होते. माणसे तोंड उघडून ओरडत होती आणि शब्द एकही नाही.

"हे कोण भरणार?" मी विचारले.

"शब्द हे नोरीनचं खातं," ते म्हणाले.

नोरीन त्यांची बायको, कासलबारचीच. तरुणपणी बोटीने लंडनला गेली आणि त्याच छापखान्यात अक्षरे काढण्याच्या नोकरीला लागली. चित्र पूर्ण झाले की ते तिच्या टेबलावर जाई. ती कागदावर शब्द लिही, त्यांचे फुगे कातरी, चित्रावर गोंदाने चिकटवी, आणि पान स्वतः संपादकाकडे नेऊन देई. पिम मुद्दाम फुग्याची जागा लहान सोडत, म्हणजे ती भांडायला येई. अशी भांडता भांडता लग्न झाले. निवृत्तीनंतर दोघे तिच्या आईच्या या घरात येऊन राहिली. मी येण्याच्या दोन वर्षे आधी ती गेली होती.

आता अडचण अशी होती. इंग्लंडमधल्या एका लहानशा प्रकाशकाला पिमची एक जुनी कथा पुस्तकरूपाने काढायची होती. एल्सी नावाची दीपगृहातली मुलगी. वादळात होडी घेऊन निघते, होडी उलटते, आणि "पुढील अंकी पाहा". तो पुढील अंक कधी निघालाच नाही. साप्ताहिक इतके तडकाफडकी बंद झाले, की आनंदाची बातमी छापायलाही सवड मिळाली नाही. प्रकाशकाला शेवटची दोन पाने हवी होती, आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव घालायचे होते. सगळ्या आयुष्यात प्रथमच 'वॉल्टर पिम' ही अक्षरे छापली जाणार होती. फुगे तेवढे प्रकाशक संगणकावर भरणार होता.

"नाही," पिमनी कळवले. "ती जागा भरलेली आहे."

"पण शब्दांशिवाय शेवट कसा कळणार? शब्द नाहीत, तर पुस्तक नाही," प्रकाशकाने कळवले.

"मंडळी, आनंदाची बातमी," पिम भिंतीपाशी येऊन मला म्हणाले. पण त्या दिवशी ओरडले नाहीत.

हिवाळा आला, पुन्हा सगळे बंद झाले. मुग्धा रुग्णालयात अडकून पडू लागली. मला घर खायला उठते, हे पिमनी ओळखले असावे. त्यांनी नोरीनच्या कपाटातून, तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, जुन्या साप्ताहिकांचे खोके काढून भिंतीवर ठेवले. मुग्धाच्या हुकमाने ते खोके तीन दिवस पोर्चमध्ये पडून राहिले. नंतर मी ते उघडले. ज्या गोष्टी जन्मभर जप्त केल्या, त्या मी त्या वयात, खिडकीशी बसून, रोज वाचू लागले. धक्क्यांना सुमार नव्हता. घोडेस्वार मुलगी दरीत गेली. नर्तिका जळत्या नाटकगृहात सापडली. जुळ्या बहिणींपैकी एक बर्फाखाली. मनाशी ठरवले, या गृहस्थांना यापुढे रवा मिळणार नाही.

परंतु प्रश्नपत्रिकांची मुद्रिते तपासून मला एक सवय जडलेली आहे. छापील पानावरचे सर्वांत बारीक अक्षर मी आधी वाचते. नाटकगृहाच्या त्या शेवटच्या चित्रात, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक इवलासा फुगा होता. बोलणारे माणूस चित्रात नव्हते. फुग्याची शेपटी चौकटीबाहेर गेली होती. आणि आत लिहिले होते, "इकडे या! हिचा श्वास चालू आहे!"

मी पुन्हा आधीचे अंक काढले. दरीतल्या चित्रात फुगा होता : "दोर आणा, पाय मोडलाय फक्त!" बर्फातल्या चित्रात होता : "डॉक्टर म्हणतात, हिला गरम सूप द्या." युद्धकथेत विमानाच्या राखेपाशी होता. एका कथेत तर पिमनी खलनायकाला खाणीत गाडला होता, तिथेही कोपऱ्यात इंग्रजीत असे काही होते, की त्याचे मराठी मी मनात केले ते, "जिवंत आहे मेला, तुरुंगात न्या!"

कुणीच मेले नव्हते.

मी छत्री घेऊन परसात गेले आणि भिंतीशी उभी राहून हाका मारल्या. पिम बाहेर आले.

"मिस्टर पिम, तुम्ही मला फसवलंत. तुम्ही तर सगळ्यांना वाचवलंय!"

"कुणाला?"

मी छत्रीखाली अंक धरून तो फुगा वाचून दाखवला. ते म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"छापलेलं मी कधी पाहिलंच नाही," ते हळू म्हणाले. "काढताना एकदा मारलं, तेवढं पुरे झालं. पुन्हा कशाला बघायचं?"

"आणि संपादक?"

"बंद पडणाऱ्या साप्ताहिकाचा अंक कोण वाचतो हो."

नोरीन! शेवटचे चिकटवणे तिचे, शेवटचे नेऊन देणे तिचे. नवऱ्याच्या हातून दिवसा जे जे पडले, ते तिने संध्याकाळी गोंदाची बाटली घेऊन उचलले होते, आणि त्याला एका शब्दाने सांगितले नव्हते.

त्या वेळी मी पिम यांचा चेहरा पाहिला. त्यांनी माझ्याकडून हौसेने काढून घेतलेले ते सगळे धक्के, तो उघडा जबडा, ते तोंडावर नेलेले हात, त्यांतले तिथे काहीच नव्हते. तोंड मिटलेले होते. एका हाताने ते भिंतीचा दगड चाचपत होते, जणू तो कुठे आहे हे त्यांना माहीत नाही. पावसात पुष्कळ वेळ ते तसेच उभे राहिले, आणि मग दार उघडेच टाकून आत गेले.

दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवर टकटक झाली.

"मिसेस जोग. आज कोण?"

मला समजले. मी खोक्यातून एक अंक घेऊन बाहेर गेले.

"पाणबुड्या."

"त्याला मी ऑक्टोपसला दिला होता. जगला?"

"जगला. सूप."

"नोरीनची आईसुद्धा सगळ्यांना सूपच द्यायची," ते म्हणाले.

मग ते नित्याचेच झाले. रोज एक जण. मी फुगा वाचे, ते ऐकत, मान हलवत, आत जात. वसंत येईतो खोके तळाला गेले. तळाशी एल्सी होती. होडी उलटलेली, वर लाटांचे डोंगर. मी कोपरे न् कोपरे तपासले.

"हिचं काय?" पिमनी विचारले.

"हिला फुगा नाही, मिस्टर पिम. अंकच निघाला नाही ना."

त्या दिवसापासून शेडचा दिवा सकाळी लवकर लागू लागला. आधी काढलेली दोन्ही पाने त्यांनी बाद केली. नवीन पानांत कुणी बोलतच नव्हते, कारण माणसेच नव्हती. फक्त पाणी होते. तोवर मी त्यांची बाराही सोंगे ओळखू लागले होते. हे पाणी त्यांतल्या कुणाचेच नव्हते. रेषा मोतीबिंदूमुळे थोडी थरथरती, जाड. पण असे पाणी मी कोणत्याही अंकात पाहिले नव्हते. शेवटच्या चौकटीत किनाऱ्यावर एल्सी पडलेली होती. शाळेचा स्वेटर, ओले केस, डोळे मिटलेले. आणि खालच्या कोपऱ्यात, शेपटी चौकटीबाहेर गेलेला, एक लहानसा रिकामा फुगा.

जूनमध्ये आमची दोघांचीही लस झाली होती. त्यांनी मला शेडमध्ये बोलावले, खुर्ची पुसून दिली आणि पान माझ्यापुढे ठेवले. पाने नेणारी गाडी दुपारी यायची होती. शब्दांशिवाय घेणार नाही, हे प्रकाशकाने पुन्हा बजावले होते. पिमनी शाईत बुडवलेला टाक माझ्या हाती दिला.

"तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

"मी? काय लिहू?"

"ते मी कधीच ठरवलं नाही. ते मला विचारू नका."

नोरीनचे वाक्य पुन्हा लिहिणे मला चोरीसारखे वाटले. मी त्या मुलीकडे पाहत राहिले. एक हात डोक्याखाली, एक पाय पोटाशी. अशी झोपलेली मुलगी मी पाहिली होती. मुग्धा दहावीत असताना रोज पाहत होते; रिक्षा दाराशी येऊन भोंगा वाजवते आहे, आणि ही अशी. एवढेच मनात होते. आणि मग माझे माझ्या हाताकडे लक्ष गेले, तो हाताने आपले काम केलेले होते. फुग्यात, काळ्याभोर न पुसणाऱ्या शाईत, माझ्या वळणदार बाळबोध अक्षरात, मराठीत लिहिले होते, "अगं, ऊठ!"

टाक खाली पडला. त्या माणसाचे एकमेव पान, आणि मी त्यावर देवनागरी!

"मिस्टर पिम! माफ करा, मी... इंग्रजीत लिहायचं होतं... कसं झालं..."

"हलू नका," ते म्हणाले. पण पेन्सिल घेतली नाही. त्यांनी खोडण्याच्या पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, कुंचला बुडवला, पानावर वाकले आणि थांबले. "हे वर रेघ ओढून तिला सगळं टांगलेलं कसं असतं तुमचं? काय लिहिलंय?"

"काही नाही हो. आई मुलीला सकाळी म्हणते ते. शाळेला उशीर झाला की. ऊठ, म्हणून."

"आणि ती उठते?"

"उठते की. कुरकुर करते, पाच मिनिटं मागते. पण उठते."

कुंचल्याच्या टोकाशी पांढरा थेंब जमा होत होता.

"नोरीनला त्या सकाळी मी हाक मारली नाही," ते म्हणाले. "म्हटलं, झोपू दे. मी चहा घेतला, इथे येऊन बसलो. दुपारपर्यंत बसलो."

तिच्या वेळी हाक मारून उपयोग होता की नव्हता, हे मला माहीत नाही, त्यांनाही नसावे. त्यांनी कुंचला फडक्याला पुसला, बाटलीचे झाकण घट्ट लावले, आणि शाई वाळावी म्हणून त्या फुग्यावर हलकेच फुंकर घातली. एकदा, दोनदा. वाळली तरी घालत राहिले.

दुपारी गाडी पाने घेऊन गेली. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मी भिंतीशीच होते. "कोपऱ्यातली ती नक्षी कसली आहे?" असे तो विचारत असावा, कारण पिम म्हणाले, "ते शब्द आहेत. तुम्हाला शब्द हवे होते." आणि थोड्या वेळाने, "नाही. अर्थ सांगणार नाही. शब्द नोरीनच्या जागेवर आहेत, एवढं पुरे. आणि वर नावं दोन छापा."

मी दिवाळीला सांगलीला परतले. वर्ष संपता संपता पुस्तक आले. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत, वॉल्टर आणि नोरीन. शेवटच्या पानावर ती मुलगी आहे, आणि कोपऱ्यात माझे दोन शब्द. परवा पिम यांचा फोन होता. म्हणाले, "लोक पत्ता काढून विचारायला येतात, ती मेली की जगली? मी सांगतो, मला वाचता येत नाही."

ते पुस्तक वाचणाऱ्या तिथल्या कुणालाच तो फुगा वाचता येत नाही. मला येतो, पण तो मीच लिहिलेला. माझे मत धरता येणार नाही. तुम्हाला वाचता येते, म्हणून एवढेच विचारते. ती उठली ना?